आतलं धडधडणं

चंद्रपूरच्या भुयारी वस्तीचा कूलिंग प्लांट दुरुस्तीनंतर सुरूच होईना. बाहेर चोपन्न अंश तापमान होतं आणि खाली माणसं घामाने निथळत होती.

"आत कुणाचं तरी हृदय धडधडतंय," प्लांट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"सेन्सर बिघडलाय, वंदना. बंद कर तो आणि चालू कर प्लांट!" वस्तीप्रमुख कोवे ओरडले. "माझी आई गुदमरतेय."

"काका, आधी बघून येते."

वंदना मास्क चढवून आत शिरली. अजस्र पंख्याच्या पात्यांमध्ये तिचा दुरुस्तीच्या कामातला जोडीदार तुळशीराम पडला होता. तो जेवायला गेलाय, असंच सगळे समजत होते. आत राहिलेला पाना आणायला तो पुन्हा शिरला होता आणि गळणाऱ्या गॅसने त्याला भोवळ आली होती.

तिच्या हाकेसरशी कोवेही मास्क लावून धावले. दोघांनी त्याला बाहेर आणलं. थोड्या वेळाने तुळशीरामने डोळे उघडले.

"आत कुणी नाही," प्लांट म्हणाला आणि पंखा फिरू लागला.

त्या पात्यांकडे बघून कोवेंनी तुळशीरामचा हात घट्ट धरला. "मी तर चालू करायला सांगत होतो, पोरी."

"केला नाही ना, काका."

गार झुळूक आली, तरी कोवेंनी तुळशीरामचा हात सोडला नाही.