चौकशी

शैलजाने मिरजेतल्या नव्या हॉटेलात मुलाखत दिली, ती फक्त आपली किंमत कळावी म्हणून. बेकरी सोडायचं तिच्या मनात नव्हतं. मालक शिरीषदादांना ती दर भाऊबीजेला ओवाळायची. पगारवाढीचं काढलं की ते म्हणायचे, "बाजारात यापेक्षा जास्त कोण देतंय? चौकशी करून बघ."

हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी तिचा केक चाखला आणि दुप्पट पगार सांगितला. मग जरा संकोचून म्हणाल्या, "मागच्या वर्षीच तुम्हाला बोलावणार होतो. पण तुमच्या मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, तिला नुसतं क्रीम लावता येतं. केक करणारा माणूस वेगळा आहे."

शैलजा तिथून तडक बेकरीत आली. दादा गल्ल्यावर एकटेच होते.

"दादा, मला केक येत नाही?"

त्यांना सगळं कळलं.

"तू गेली असतीस गं," ते म्हणाले.

"खरं सांगितलं असतंत, तरी मी गेले नसते."

दादांनी दुप्पट पगार देऊ केला. रोज निघताना "येते" म्हणणारी शैलजा दारात थांबली आणि एवढंच म्हणाली, "जाते."