खर्जबुवांचा श्वास

"सही हवी तर माणूस हवा," दंतवैद्य म्हणाला, "आणि माणूस कुठे आहे, हे फक्त तुम्हांला ठाऊक आहे, काका."

ध्वनिमुद्रकाने त्याच्या हातातली तबकडी घेतली आणि दोन्ही तळव्यांत कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरपी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी रेघांवर बोट न टेकवण्याची सवय गेली नव्हती.

"कुठे मिळाली?" त्याचा आवाज जाड होता, बोलणे संथ.

"भंगारवाल्याकडे, मोडक्या शिलाईयंत्राखाली. मी मुद्दाम यंत्राचा भाव विचारत बसलो. त्याला कळलं असतं ना, तर माझा दवाखाना लिहून घेतला असता त्यानं!"

खर्जबुवा हे या तबकडीवरच्या अनाम गायकाला चाहत्यांनी ठेवलेले नाव. त्याच्या तिन्ही तबकड्यांच्या वेष्टनावर झाडाच्या एकरंगी चित्राखेरीज काही नव्हते. ना छायाचित्र, ना नाव. होता तो फक्त आवाज: विहिरीच्या तळातून यावा तसा, खोल, सावकाश. दंतवैद्य तो दवाखान्यात लावी. दारातच थरथर कापणारी माणसे खुर्चीत तोंड उघडून निवांत पडत. काही जण घोरतही.

आता चाहत्यांच्या मंडळाने वर्गणी काढून तिन्ही तबकड्या पुन्हा छापायचे ठरवले होते. गायकाच्या सहीशिवाय कारखाना यंत्र सुरू करायला तयार नव्हता, आणि उद्या मुदत संपत होती. तबकडीच्या आतल्या कोऱ्या वळ्यावर सुईने कोरलेल्या ध्वनिमुद्रकाच्या खुणेचा माग काढत दंतवैद्य या घरापर्यंत पोचला होता.

"साखर घालू की नको, डॉक्टर?" काकू चहा घेऊनच बाहेर आल्या. "नाहीतर नंतर म्हणाल, काकूंनी दात किडवले. घातली आहे हो मी, अर्धाच चमचा. बिस्कीट घ्या. बुडवून खा, कडक आहे, तुमचाच दात पडायचा." त्या इतक्या भराभर बोलत, की दंतवैद्य सतत एक वाक्य मागे राहत होता.

"काकू, तुम्ही ऐकलंत का हो खर्जबुवांना?"

"ऐकलं की. फार रडका गातो बाई! थट्टेची गाणी, पण म्हणतो कशी, तर घरात कुणी गेल्यासारखी."

"तीच तर खोली आहे, काकू. मी लेख लिहिलाय त्यावर. हसण्यातलं दुःख."

"अस्सं?" काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून आत पळाल्या. आत सुरीची खटखट सुरू झाली.

भिंतीवरच्या घड्याळाने टिणटिण करत अकरा ठोके उरकले.

"स्टुडिओचं भाडं आम्हांला झेपणारं नव्हतं," ध्वनिमुद्रक म्हणाला. "मी तिथं नोकरीला होतो. मालकाच्या पाया पडून रविवारपुरतं यंत्र घरी आणलं. इथंच, या खोलीत. एक माइक, साथीला कुणी नाही. सोमवारी सकाळी यंत्र परत. चुकलं तरी दुसऱ्यांदा म्हणायची सोय नव्हती."

"म्हणूनच दुसऱ्या गाण्यामागे तो मनोऱ्याच्या घड्याळाचा ठोका राहिला! ती घंटा. कोणत्या मनोऱ्याची, यावरून मंडळात अजून भांडणं होतात."

"राहिला खरा." ध्वनिमुद्रकाने मिशीतल्या मिशीत हसू गिळले. "अडचण वेगळीच झाली. गाणी निघाली आखूड. कंपनी म्हणाली, तबकडी अर्धी रिकामी असेल तर गिऱ्हाईक आमच्या अंगावर येईल. बाजू भरा, नाहीतर आगाऊ रक्कम परत करा. ती तर मुद्रणाची फीत विकत घेण्यातच संपली होती."

"मग?"

"भरली. लोकांना आवडली. पद्धत बसली म्हणताना पुढच्या दोन्हीही तशाच केल्या."

दंतवैद्याने चहाचा कप खाली ठेवला. गेली काही मिनिटे तो शब्द ऐकतच नव्हता. त्या शब्दांमागची जाड, संथ घरघर ऐकत होता. याच खोलीत. साथीला कुणी नाही.

"काका," तो हळूच म्हणाला, "तो श्वास. दोन ओळींमधला. एवढा लांब श्वास घेणारी छाती मी जन्मभर शोधतोय. ती माझ्यासमोर बसली आहे, हो ना?"

आत सुरी क्षणभर अडखळली.

ध्वनिमुद्रकाने हातातली तबकडी उलटी करून पाहिली. "आणि बुवा तुमच्या मनातल्यासारखे निघाले नाहीत तर? छापाल?"

"आवाज त्यांचा आहे ना? मग ते कसेही असोत. शब्द देतो."

"मग सही मिळेल. पण आधी एकदा आमच्या यंत्रावर ऐका."

त्याने कोपऱ्यातल्या यंत्रावरचे कापड काढले, तबकडी ठेवली आणि कडेची वेगाची कळ एक घर पुढे सरकवली. तबकडी भरभर फिरू लागली.

"काका, वेग चुकला!" दंतवैद्य अर्धवट उठला.

"बसा हो, डॉक्टर."

सुई टेकली. गाणे उड्या मारतच बाहेर आले: उंच, हलके, अवखळ. तो प्रसिद्ध श्वास चटकन येऊन गेला, जिना चढून आलेल्या माणसाने घ्यावा तसा. दुसऱ्या गाण्यात मनोऱ्याची घंटा टिणटिणली. दंतवैद्याने दचकून भिंतीकडे पाहिले. घड्याळ मुकाट होते.

स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

"अहो," आतून काकूंची हाक आली, "इतक्या वर्षांनी आज माझी गाणी बरोबर वेगानं लावलीत ती? थांबा, हात पुसून येतेच सही करायला."