दात धरत नव्हता

"हाही हलतोय." डॉक्टर मंजुषांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि मास्क खाली ओढला. "काढावा लागेल."

खुर्चीत आडव्या पडलेल्या उर्वशीनं डोळे मिटून घेतले. शेजारी तिचे वडील देवराव उभे होते. पडलेल्या दाताच्या जागी लेकीच्या हाडात बसवलेला हा दुसरा स्क्रू. पहिलाही असाच निघाला होता. हिरडी भरून यायला चार महिने थांबले, मग हा बसवला, आणि आज पुन्हा तेच.

"शुगर नाही, ताप नाही," डॉक्टर कागद चाळत म्हणाल्या. "तंबाखू, खर्रा वगैरे खातेस का गं?"

"नाई."

"वय सव्वीस. हाड चांगलं आहे. या वयात स्क्रू असा सुटत नाही हो." त्यांनी कागद खाली ठेवून उर्वशीकडे पाहिलं. "मोरीत पाय घसरून दात पडला, तेव्हा हात नाही टेकवलेस? तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तळहाताला साधं खरचटलेलंही नव्हतं."

"टाइमच नाई भेटला," उर्वशी म्हणाली.

सुई टोचली तेव्हा तिनं बापाचं मनगट घट्ट धरलं. स्क्रू निघाला, टाके पडले. बर्फाची पिशवी गालाला लावून ती बाहेर आली. यवतमाळहून राळेगावला जाणाऱ्या एसटीत दोघं बसली. कळंब मागं पडलं.

"लय दुखून राह्यलं का?" देवरावांनी विचारलं.

तिनं मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

देवराव राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्याजवळचे कारकून. त्या वर्षी केंद्रावर दिवसाला दहा गाड्याही लागत नव्हत्या. पिकलं त्याला भाव नाही, आणि बऱ्याच ठिकाणी पिकलंच नाही. लोक येत, हिरमुसून परत जात. देवरावांची बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. घरात ते आणि ही एकुलती लेक. तिला महागावला दिली होती. जावई प्रफुल्ल याचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. बियाणं उगवलं नाही म्हणून लोक त्याच्याच दुकानात भांडायला येत. धंद्याचा ताप फार, असं तो फोनवर सांगायचा.

समोरचा दात मुळासकट गेल्यावर उर्वशीला तोच माहेरी सोडून गेला होता. "दात बसवून घ्या, मामाजी. दुकानात चार लोक येतात. बरं दिसत नाई," असं म्हणाला होता. देवरावांना त्यात काही गैर वाटलं नाही. जावई तिला टाकत नव्हता, वाट बघत होता, एवढंच त्यांना पुष्कळ होतं. शेजारपाजारचे मात्र विचारू लागले होते. पोर वर्षभर माहेरी कशी?

देवराव स्वतः चूल सांभाळू लागले. मुगाची पातळ खिचडी, ज्वारीची आंबील, थंड दूध. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ते आठवणीनं करायला लावत. तीही मुकाट्यानं करी. सूज उतरली की अंगणात झाडून काढी, जाईला पाणी घाली, कधीमधी गुणगुणेसुद्धा. ते ऐकून देवरावांना बरं वाटे. पण दवाखान्याची तारीख जवळ आली, की तिचं तोंड सुकून जाई.

"भेव लागते का सुईचं?" ते विचारत.

"लागते."

तिसरा स्क्रू बसवताना डॉक्टर मंजुषांनी स्पष्ट सांगितलं, "हा शेवटचा. पुन्हा सुटला तर मी करणार नाही. दुसरीकडून हाड आणून भरावं लागेल, त्यासाठी नागपूरला जा. आठ महिने तरी जातील."

या वेळी देवरावांनी लेकीला डोळ्यात तेल घालून जपलं. भाकरी कुस्करून दिली. रात्री कण्हली तर उठून बसले. तिसऱ्या महिन्यात काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी उजेडाकडे धरला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"धरायला लागलाय. अजून कच्चा आहे, जपा. महिनाभरानं स्क्रूवर दात बसवून टाकू."

देवरावांना भर दवाखान्यात रडू आलं. स्टँडवरच्या बूथवरून त्यांनी महागावला फोन लावला.

"प्रफुल्लराव, दात धरला! पुढच्या महिन्यात या घ्यायले."

"येतो ना, मामाजी," पलीकडून आवाज आला. "मीच येतो."

बूथमधून बाहेर येऊन त्यांनी लेकीला ते सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कोन्या तारखेले?"

दुसऱ्या दिवशी केंद्रावर एकही गाडी आली नाही. भर दुपारीच काटा बंद झाला. देवराव पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. उर्वशीला पेढा दुधात कुस्करून द्यायचा होता. समोरच्या खोलीत ती नव्हती. स्वयंपाकघरातही नव्हती. मागच्या दारातून पाहिलं, तर ती कपडे धुण्याच्या दगडावर पाठमोरी बसलेली होती. समोर भिंतीला आरसा टेकवलेला. खांदे हलत होते. दात साफ करत असेल, असं त्यांना वाटलं.

ते जवळ गेले. तिच्या हातात चमचा होता, त्याचा दांडा तोंडात. स्क्रूच्या बाजूनं तो दांडा घालून ती सगळ्या अंगाचा जोर लावत होती. हनुवटीवरून रक्त ओघळून पदरावर पडत होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडातून आवाज नव्हता.

देवरावांनी तिचा हात धरला. चमचा दगडावर पडला.

"अवं, काय करून राह्यली हे? दुखत नाई का तुले?"

"दुखते ना, बाबा," ती म्हणाली. "पन हा बी निघाला, तं आखीन आठ महिने मले महागावले जा लागत नाई."