पाचवा नंबर

गणिताच्या बाई गेली बावीस वर्षं कॉलेजात संभाव्यता शिकवत होत्या. सलग चारदा छापा पडला म्हणजे आता काटा पडणारच, असं पेपरात लिहिणाऱ्या पोरांचे मार्क त्यांनी कसलीही दयामाया न दाखवता कापले होते. आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नसतं, हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य.

एक दिवस त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, मग सुईने काढलेला तुकडा तपासायला गेला. "आत्तापासून घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "अशा पाच गाठींतल्या चार साध्याच निघतात."

आज रिपोर्टचा दिवस. डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर सगळ्या गाठीच्या रिपोर्टसाठीच आलेल्या; बाईंचा नंबर पाचवा होता. पहिली हसत बाहेर आली. दुसरी नवऱ्याला फोन लावतच आली. तिसरीने दारात डोळे पुसत "साधीच निघाली हो" म्हणून सगळ्या बाकाला सांगितलं. चौथी तर आनंदाच्या भरात पर्स डॉक्टरांच्या टेबलावर विसरून थेट लिफ्टपर्यंत गेली.

"बघ ताई, चौघींचंही चांगलं निघालं," धाकटी बहीण म्हणाली. "तू उगाच तोंड पाडून बसलीयेस."

दार उघडून सिस्टरने पाचव्या नंबरला हाक मारली.

बाईंनी पलीकडे बसलेल्या सहाव्या नंबरच्या मुलीच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.



"तू जा हो बाळा आधी, मला काही घाई नाही."