मोज्यांचे श्रोते

या, जरा पुढे सरकून बसा. शेजारच्या मैथिलीच्या वाढदिवसाची गोष्ट सांगते.

पोरीला कांजिण्या आल्या आणि सहावा वाढदिवस घरातच अडकला. एकही मैत्रीण येणार नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला कांजिण्या लहानपणीच येऊन गेलेल्या, मला कसलं भय? जोडी हरवलेले मोजे गोळा केले, चिंध्या भरल्या, बटणांचे डोळे शिवले आणि नऊ पाहुणे घेऊन गेले.

"हे कोण?" तिने तिरकं बघत विचारलं.

"कीर्तनाला आलेत. बुवा कधी उभे राहणार, विचारतायत."

ती हळूच वळली. तपकिरी मोजा उचलून म्हणाली, "काकू, याचे डोळे राहिले."

"राहिले नाहीत गं. तुझे काका असेच पहिल्या रांगेत बसायचे आणि अभंग सुरू झाला की झोपायचे. मी कोपर मारून उठवायची. मोजाही त्यांचाच."

काका दोन वर्षांपूर्वी गेले, हे तिला ठाऊक होतं. आता ही रडते की काय, असं मला वाटलं. पण तिने आईची ओढणी खांद्यावर टाकली, दोन चमच्यांच्या चिपळ्या केल्या आणि कीर्तन असं रंगलं, की मी टाळ्यांनी ठेका धरला.

मधेच थांबून तिने तपकिरी मोज्यावर रुमाल पांघरला आणि मला दटावलं, "काकू, हळू. काका झोपलेत."

तेव्हा कीर्तनात शेजारी कुणी डुलकी घेतली, तर कोपर मारू नका. आमच्या ह्यांची आठवण काढा.