रिकाम्या सॉकेटची चाचणी

बोर्डावरचं मेमरी चिपचं सॉकेट रिकामं होतं, तरी पडद्यावर 'मेमरी ठीक' असं आलं.

थोरल्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मेमरीची चिप त्याने सकाळीच दुसऱ्या बोर्डासाठी काढून नेली होती आणि विसरून, हाताच्या सवयीने चाचणी सुरू केली होती. जी चिपच नाही ती ठीक कशी?

उत्तर दहा मिनिटांत सापडलं. चाचणी एक आकडा लिहायची आणि लगेच तोच वाचायची. आकडा तारांवर क्षणभर रेंगाळायचा, तेवढ्यात वाचूनही व्हायचा. चाचणी मेमरीला काही विचारतच नव्हती, आपलंच बोलणं ऐकून मान डोलावत होती. ती लिहिली होती त्यानेच, आणि तिच्या जिवावर वर्षानुवर्षं छाती काढून फिरलाही होता.

दोन वर्षांपूर्वी भट्टीचा कंट्रोलर मध्येच भरकटायला लागला. प्रोग्रॅम एखाद्या कामात शिरताना परतीचा पत्ता मेमरीतल्या स्टॅकमध्ये ठेवतो, तो पत्ताच हरवत होता. कंट्रोलरच्या बोर्डाचा आराखडा थोरल्याचा, प्रोग्रॅम धाकट्या भावाचा. धाकटा घसा कोरडा करून सांगत होता की मेमरी दगा देतेय. थोरल्याने चार लोकांसमोर चाचणी चालवून दाखवली आणि साहेबांना म्हणाला, "चूक प्रोग्रॅममध्ये आहे."

धाकट्याची नोकरी गेली. भावांचं बोलणं आईच्या औषधपाण्यापुरतं उरलं.

आता थोरल्याने चाचणी बदलली. आधी सगळी मेमरी भरायची, मग पहिल्यापासून वाचत यायचं. कपाटातून भट्टीचा तो जुना बोर्ड काढून जोडला. पहिल्याच फेरीत बोर्डाची मेमरी नापास झाली. थोरल्याला फार लाज वाटली. त्याने दार लावून घेतलं आणि भावाला फोन केला.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं रे."

पलीकडून धाकटा बोलला. आवाज साधाच होता.

"दादा, शेवटच्या दिवशी जेवायला जाताना मी चिप काढून तुझ्या टेबलावर ठेवली होती. रिकाम्या सॉकेटवर चाचणी चालू ठेवून गेलो होतो, पडद्यावर 'मेमरी ठीक' येत होतं. साहेबांसमोर तुला उघडं पाडायचं नव्हतं, म्हटलं तूच बघशील. परत आलो तर चिप जागेवर. मी समजलो, तू पाहिलंस आणि गप्प बसलास."

थोरल्याला ती दुपार आठवली. टेबलावर चिप पडलेली दिसली, तेव्हा 'जाता जाताही पसारा करून ठेवलाय' असं तो पुटपुटला होता. मग पडद्याकडे न बघताच त्याने बोर्ड बंद केला होता आणि चिप नीट दाबून बसवली होती.