शनिवारचा फोन

शुक्रवारी दिवेलागणीला मी मेणबत्त्या लावल्या, की आम्हा यहुद्यांच्या घरी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, सुरू होतो. मग शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत चूल बंद, ह्यांचं शिलाई मशीन बंद, आणि फोनला तर हातही लावायचा नाही. दूरदेशी राहणाऱ्या आमच्या लेकाचा फोन मात्र नेमका शनिवारीच वाजतो. आम्ही दोघं नुसते ऐकत बसतो. रविवारी आपण उलट फोन करावा, तर मेसेज येतो, 'कामात आहे.'

"कामाच्या रगाड्यात वार विसरतो हो तो," मी दर वेळी ह्यांची समजूत घालते.

या शनिवारी आमचं नवं वर्षही लागलं. सिनेगॉगमधून प्रार्थना आटोपून घरी येतोय तोच फोन वाजला, आणि माझ्याने राहवेना.

"अगं, शब्बाथ आहे!" हे ओरडले.

"असू दे. चुकांची माफी मागायला देवाने पुढचे दहा दिवस दिलेत ना? सात महिने झाले पोराचा आवाज ऐकून."

मी फोन कानाला लावला. "नवं वर्ष सुखाचं जावो रे, बाळा!"





"आई? अगं, आज तर शनिवार ना... तू फोन कसा काय उचललास?"